धुऱ्यावरचा झटका: पाच एकर वावर, एक सौर कुंपण आणि स्टार्टरवरून सुटू पाहणारी एक तार

नागपूर जिल्ह्याच्या उत्तरेला, पेंचच्या जंगलाला लागून असलेल्या पट्ट्यातलं हे पाच एकर वावर. लांबी १६० मीटर, रुंदी १२५, म्हणजे सगळा घेर ५७० मीटर. पूर्वेला नाला आणि त्यापलीकडे झुडपी जंगल, पश्चिमेला पांदण, उत्तरेला शेजाऱ्याचा धुरा, म्हणजे बांध. नैर्ऋत्य कोपऱ्यावरून ११ केव्हीची, म्हणजे ११,००० व्होल्टची लाईन जाते आणि त्याच कोपऱ्यात विहीर, मोटारपंप, झोपडी आहे. खरिपात पऱ्हाटी (कापूस) आणि तूर, एका तुकड्यात सोयाबीन, सोयाबीन निघालं की त्यात हरभरा. येणारी जनावरं तीन: रानडुक्कर, चितळ आणि रोही (नीलगाय). वानरं आहेतच, पण त्यांचा हिशेब वेगळा.

जूनमध्ये इथे सौर झटका मशीन बसलं, म्हणजे उन्हावर भरणाऱ्या बॅटरीतून कुंपणाच्या तारेत ठोक्या-ठोक्याने झटका सोडणारं यंत्र. सप्टेंबरपर्यंत डुकरं आत आली नाहीत. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्रीत सोयाबीनचा दहा गुंठ्यांचा तुकडा उलथापालथा झाला आणि पुढच्या चार रात्री डुकरं त्याच वाटेने आली. मशीनचा दिवा लुकलुकत होता, टिक-टिक ऐकू येत होती. शेजारच्या वावरातून सल्ला आला, "काकाजी, या खेळण्यानं डुक्कर थांबते का? स्टार्टरवरून एक फेज सोडा तारेत, एका रातीत पाहा."

काकाजींनी, म्हणजे वावराच्या मालकाने, तार सोडली नाही. पण कुंपणाची मोजणी झाली तेव्हा मोटारपंपाच्या स्टार्टरपेटीपासून धुऱ्यापर्यंत वायर अंथरून तयार होती.

मोजणीत काय निघालं आणि दुरुस्ती कशी झाली ते पुढे येईलच. आधी तो सल्ला काय होता ते पाहू, कारण झटका मशीन आणि जिवंत तार यांत फरक फक्त कमी-जास्त करंटचा आहे असं अनेक कास्तकार धरून चालतात. तसं नाही.

झटका मशीनचा दाब ८,००० व्होल्टच्या आसपास असतो, घरच्या विजेचा २३०. तरीही मारते ती २३० वाली. मशीन सेकंदाला फार तर एक ठोका देतं आणि तो ठोका सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो. दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात अंग सुटतं, जनावर मागे सरकतं. आयईसी ६०३३५-२-७६ हे आंतरराष्ट्रीय मानक आणि त्याला समांतर भारतीय मानक आयएस ३०२-२-७६ यांत ५०० ओहमच्या भारावर एका ठोक्यातली ऊर्जा ५ ज्यूलच्या वर जाऊ नये अशी मर्यादा आहे. स्टार्टरवरून घेतलेला फेज मात्र सेकंदाला ५० आवर्तनांनी अखंड वाहतो. ओल्या धुऱ्यावर अनवाणी उभ्या माणसाच्या शरीराचा रोध १,००० ओहम धरला तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर वाहतात. दहा-पंधरा मिलिअँपिअरलाच हाताचे स्नायू आवळतात आणि तार सुटत नाही. घरातला गळती-संरक्षक ३० मिलिअँपिअरवर तोडायला लावतात तो याच कारणाने. धुऱ्यावरच्या तारेला असलं काहीच नसतं.

आणि तिथे डुक्करच लागेल याची खात्री कोण देणार? शेतीची थ्री फेज रात्रीच्या पाळीत येते, ओलित करायला माणसं अंधारात धुऱ्याने चालतात. जिवंत तारेला लागणाऱ्यांत सांगितलेलं विसरलेला घरचाच माणूस असतो, सांगितलेलंच नसलेला शेजारी असतो. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यातल्या 'जय' वाघाचा बछडा 'श्रीनिवास' एप्रिल २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळ अशाच तारेला लागून मेला आणि पुरलेला सापडला. तार लावणाऱ्याला मारायचा होता तो वाघ नव्हे. कायद्याला मात्र हेतू पुरेसा ठरत नाही: वीज कायदा २००३ चं कलम १३५ वीजचोरीसाठी लागतं, माणूस मेला तर फौजदारी गुन्हा वेगळा, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली वाघासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी तीन ते सात वर्षं कैद आहे.

मोजणी

लागलेली साधनं: एक डिजिटल कुंपण-मीटर, तीन-चार लोखंडी सळया, अर्धा मीटर लांबीची एक खुंटी. टेस्टरने किंवा साध्या मल्टिमीटरने हे काम होत नाही. साधा मल्टिमीटर ठोक्याचा आकडा दाखवणार नाही, जळेल मात्र.

कुंपणाची तार काढून नुसत्या मशीनवर ८.४ केव्ही मिळाले. म्हणजे मशीन ठणठणीत. कुंपण जोडल्यावर मशीनपाशी ३.२ आणि नाल्याकडच्या ईशान्य कोपऱ्यात १.७. डुकराला हटवायला कुंपणाच्या सगळ्यात दूरच्या जागी निदान ४, शक्यतो ५ केव्ही हवेत. जाड कातडी, राठ केस, चिखल वाळून बसलेला थर यातून त्याखालचा ठोका पोचत नाही. १.७ केव्हीला डुक्कर फक्त कान हलवतं.

मशीनच्या खोक्यावर '१० किलोमीटर' लिहिलेलं होतं आणि इथे तर तीन तारा मिळून १.७ किलोमीटरच होतात, मग कमी का पडावं, हा काकाजींचा प्रश्न रास्त होता. खोक्यावरचा आकडा गवत नाही, गळती नाही, अर्थिंग उत्तम, अशा आदर्श स्थितीतला असतो. झटक्याचा रस्ता असा: मशीनमधून तारेत, तारेतून जनावरात, जनावराच्या पायातून जमिनीत आणि जमिनीतून अर्थिंगच्या सळईवाटे परत मशीनमध्ये. ही फेरी पुरी झाली तरच झटका. मधे गळाला तर जनावरापर्यंत पोचत नाही. परतीची वाट बंद असेल तर तारेत ८ केव्ही असूनही जनावराला काही कळत नाही. इथे दोन्ही दोष होते.

अर्थिंगची परीक्षा अशी करतात. मशीन बंद करायचं. मशीनपासून शंभर मीटरपेक्षा लांब जाऊन जिवंत तारेला लोखंडी सळया टेकवून जमिनीत रोवायच्या, म्हणजे मुद्दाम गळती होईल. मग मशीन चालू करून तारेवर २ केव्हीपेक्षा कमी येतंय हे बघायचं; जास्त असेल तर पुन्हा बंद करून आणखी सळया. त्यानंतर अर्थिंगच्या सळईपासून एक मीटरवर खुंटी ठोकून त्या दोहोंमधला दाब मोजायचा. ०.३ केव्हीच्या आत आला तर अर्थिंग चांगली. इथे १.१ आला.

खोदून पाहिलं तर दोन फुटांची घराच्या स्लॅबची सळई, गंजून बोटाएवढ्या जागी पेन्सिलीएवढी झालेली, आणि तिला तांब्याची वायर पिळून बांधलेली. तांबं आणि लोखंड ओलीत एकत्र आले की जोड लोखंडाच्या बाजूने झिजतो. तार हातात आली. भरीस भर, ही सळई मोटारपंपाच्या अर्थिंगपासून तीन मीटरवर होती. मानक निदान १० मीटर अंतर सांगतं. अंतर कमी असेल तर मोटारीच्या अर्थिंगवर आलेला दोष कुंपणाच्या अर्थिंगवाटे धुऱ्यावर फिरू शकतो, आणि कुंपणाचे ठोके मोटारीच्या पत्र्यावर येतात. मोटारीला हात लावला की 'हलकं चावते', ही काकाजींची जुनी तक्रार होती. तिचं उत्तर इथे सापडलं.

मग गळती. रात्री आठ वाजता मशीन चालू ठेवून धुऱ्याने फिरलं की अर्धं काम होतं: जिथे गळतं तिथे टिक ऐकू येते, कधी निळी ठिणगी दिसते. पश्चिमेला आठ ठिकाणी ती खांबांवरच दिसली. लोखंडी अँगलवर तार बसवताना इन्सुलेटर संपले म्हणून सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले होते. रबर वीज अडवतं हे खरं, पण ट्यूबच्या काळ्या रबरात कार्बन असतो आणि हजारो व्होल्टला ते झिरपू लागतं. पावसात ओलं झालं की आणखी. एका तुकड्याला पेटीच्या काडीच्या डोक्याएवढं जळकं भोक पडलं होतं. ठोक्यागणिक त्यातून ठिणगी अँगलमध्ये जात होती.

दुसरी गळती गेटखाली. गेटच्या दोन्ही बाजूंनी वीज फिरावी म्हणून जमिनीखालून घरगुती वायर टाकलेली. तिचं वेष्टण १,१०० व्होल्टसाठी असतं, ८,००० साठी नाही. ती जमिनीत गाडली की तिथेच निम्मा झटका संपतो. वरून काही दिसत नाही, म्हणून हा दोष महिनोन् महिने राहतो.

तिसरी नाल्याकडे: बेशरमाची झुडपं आणि गवत सगळ्यात खालच्या तारेवर चढलं होतं. आणि ती खालची तार तरी कुठे, तर ४५ सेंटिमीटरवर. डुक्कर नाक खाली घालून चालतं. त्याला ४५ सेंटिमीटरची फट म्हणजे दारच. सप्टेंबरपर्यंत ते आलं नाही याचं श्रेय मशीनपेक्षा सोयाबीनच्या हिरव्या शेंगांना द्यावं लागेल.

एक गोष्ट मात्र झटक्याच्या कमी-जास्तपणाची नव्हती. नैर्ऋत्य कोपऱ्यात वरची तार ताणायला ११ केव्हीच्या खांबाच्या ताण-तारेला बांधली होती. ती त्याच दुपारी सोडली. विजेच्या खांबाला, त्याच्या ताणाला कुंपणाचं काहीही बांधायचं नाही. ११ केव्हीच्या तारांपासून हवेतलं अंतर निदान ४ मीटर हवं, लाईन ओलांडायचीच असेल तर शक्यतो काटकोनात, आणि लाईनच्या दोन्ही अंगांना १५ मीटरच्या पट्ट्यात कुंपणाची उंची ३ मीटरच्या आत.

चार्जर

बॅटरीचा हिशेब मोजणीच्या शेवटी निघाला आणि त्यात खरा धोका दडलेला होता. मशीन ०.४ अँपिअर घेतं. चोवीस तास चाललं तर ९.६ अँपिअर-तास, म्हणजे साधारण ११५ वॅट-तास रोज. पॅनेल होतं २० वॅटचं. ढगाळ महिन्यात चार तास उपयुक्त ऊन आणि पाऊण कार्यक्षमता धरली तर ६० वॅट-तास मिळतात. रोजची तूट ५५. बॅटरी १२ व्होल्ट, १८ अँपिअर-तासाची. तिची निम्मी साठवणच वापरायची असते. दोन दिवसांत ती संपणार.

ऑगस्टमध्ये ती संपलीच होती. तेव्हा काकाजींनी मोटारसायकलच्या बॅटरीचा चार्जर झोपडीतल्या बोर्डावर लावला आणि मशीन, कुंपण सगळं जोडलेलं असतानाच रात्रभर चार्जिंग केलं. स्वस्त चार्जरमधलं विलगीकरण (बॅटरीची बाजू मुख्य विजेपासून वेगळी ठेवणारा भाग) फुटलं तर मुख्य लाईनचे २३० व्होल्ट बॅटरीवाटे मशीनमध्ये आणि तिथून धुऱ्यावर पोचू शकतात. म्हणजे स्टार्टरवरून फेज सोडायला नाही म्हणणाऱ्या माणसाने नकळत तोच धोका पत्करला होता. बॅटरीवर चालणारं मशीन मुख्य विजेच्या कुठल्याही उपकरणाला जोडायचं नाही. बॅटरी काढायची, घरी न्यायची, भरायची, आणून लावायची.

दुरुस्ती

पहिल्या दिवशी गवत छाटलं, धुऱ्यावर एक मीटर पट्टा मोकळा केला, ट्यूबचे तुकडे काढून इन्सुलेटर बसवले, गेटखालची वायर तोडून टाकली. एवढ्यानेच मशीनपाशी ५.१ आणि ईशान्य कोपऱ्यात ४.३ आले. मशीन बदलायला एक पैसाही लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी अर्थिंग. जस्त चढवलेल्या दोन मीटरच्या तीन नळ्या, एकमेकींपासून तीन मीटरवर, नाल्याच्या अंगाला जिथे जमीन जास्त काळ ओली राहते तिथे, मोटारपंपापासून शंभरावर मीटर दूर. तिन्हींना एकच सलग जस्ताची तार, क्लँपने घट्ट, पिळून नव्हे. मशीनपासून तिथपर्यंत झटका कुंपणाचीच इन्सुलेटेड केबल. पुन्हा परीक्षा: ०.२.

मीठ-कोळसा घालायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. मिठाने वर्षभर आकडे छान येतात, पण जस्त खाल्लं जातं आणि दोन-तीन वर्षांत नळी संपते. काळ्या मातीत बेंटोनाइट ही फुगणारी चिकणमाती बरी: नळीला चिकटून राहते, ओल धरते, धातूला खात नाही.

काळ्या मातीचा खरा तिढा मे महिन्यातला. जमिनीला हात जाईल अशा भेगा पडतात, माती नळीपासून सुटते, आणि चितळाचं खूर कोरड्या ढेकळावर असतं. तेव्हा जमिनीवर विसंबून चालत नाही. म्हणून तारांची रचनाच बदलली: पाच तारा, जमिनीपासून २०, ४०, ६५, १०० आणि १४५ सेंटिमीटरवर. पहिली, तिसरी आणि पाचवी जिवंत. दुसरी आणि चौथी अर्थिंगला जोडलेल्या. डुकराचं नाक २० आणि ४० च्या मधे घुसलं की दोन्ही तारा एकदम लागतात आणि फेरी जमिनीशिवाय पुरी होते. अर्थच्या तारांना इन्सुलेटर लागत नाही, त्या थेट लोखंडी अँगलवर बसतात. त्यामुळे प्रत्येक अँगल अर्थिंगला थोडा हातभार लावतो.

सामानाचा हिशेब असा पडला. पाच तारा गुणिले ५७० म्हणजे २,८५० मीटर; अडीच मिलिमीटरची जस्त चढवलेली ताणाची तार, वजन साधारण ११० किलो. आधीची क्लच वायर बारीक होती, तिचा रोध जास्त आणि जोडावर गंज. अँगल दर ८ मीटरवर एक, एकूण ७१. जिवंत तारांना प्रत्येक अँगलवर तीन, म्हणजे २१३ इन्सुलेटर, फुटतुटीसाठी २० जास्त. चार कोपरे आणि गेटच्या दोन खांबांवर मिळून ३० ताण-इन्सुलेटर. तारेला तार जोडायला फक्त क्लँप. प्रत्येक बाजूला एक कट-आउट स्विच, म्हणजे पुढे आकडा पडला तर बाजू तोडत तोडत दोष पंधरा मिनिटांत सापडतो. आणि सगळ्यात खालच्या जिवंत तारेला वेगळा स्विच. श्रावणात गवत आवरलं नाही तर ती एक तार चार दिवस बंद ठेवता येते, बाकी कुंपण चालू राहतं. मशीनपाशी आकाशातल्या विजेसाठी वीज-प्रतिबंधक.

गेटखाली आता दुहेरी वेष्टणाची केबल, एचडीपीई पाइपातून, फूटभर खोल. पाइपाची दोन्ही तोंडं खाली वळवलेली, नाहीतर पावसाचं पाणी साठतं. गेटच्या हुकाची दिशा उलटी होती तीही बदलली. हुक सोडल्यावर हातातला भाग निर्जीव राहिला पाहिजे. जिवंत बाजू खांबावर. पूर्वी सोडलेला हुक जमिनीवर जिवंत लोळायचा आणि बंडी आत नेताना बैल बिचकायचे.

पॅनेल ५० वॅटचं, दक्षिणेकडे तोंड, साधारण २१ अंश कल. बॅटरी ४२ अँपिअर-तासाची, दोन दिवस बिनउन्हाचे निघतात. वन विभागाच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला ७५ टक्के, जास्तीत जास्त १५,००० रुपये अनुदानाची तरतूद आहे; अर्जाआधी वनरक्षकाकडून चालू अटी विचारून घ्याव्यात. मशीन घेताना मानकाचा क्रमांक आणि ज्यूलचा आकडा लेबलवर छापलेला बघायचा. गाडीची कॉइल वापरून गावात जुळवलेल्या मशीनला ठोक्याची मर्यादा कुणी लावलेली नसते.

उत्तरेच्या धुऱ्यावर दोन अडचणी होत्या. तिथे जुनी काटेरी तार होती आणि तिच्यातच करंट सोडावा असा विचार चालला होता. काटेरी तारेत झटका सोडत नाहीत: कपडा किंवा कातडी अडकली की मागे सरकता येत नाही आणि ठोके बसत राहतात. ती तार आधाराला ठेवली, जिवंत तारा तिच्यापासून १५ सेंटिमीटर बाहेर काढल्या. दुसरी अडचण शेजाऱ्याचं स्वतःचं मशीन, त्याच धुऱ्यावर, हाताच्या अंतरावर. दोन मशीनचे ठोके एका तालात पडत नाहीत. दोन्हींच्या मधे सापडलेल्याला सेकंदाला दोन झटके बसतात आणि सुटायची उसंत राहत नाही. दोन वेगळ्या मशीनच्या तारांमधे अडीच मीटर अंतर हवं. तेवढी जमीन कोण सोडणार? शेवटी त्या बाजूला शेजाऱ्याने आपल्या तारा काढल्या आणि तो धुरा एकाच मशीनवर घेतला. फेज सोडायचा सल्ला देणारे ते हेच.

पांदणीच्या बाजूने दर २५ मीटरवर पिवळी पाटी, २० बाय १० सेंटिमीटर, दोन्ही अंगांना 'सावधान, विद्युत कुंपण' आणि तारेला लागलेल्या हाताचं चित्र. चित्र लागतंच; शेळ्या राखणारी पोरं पाटी वाचत बसत नाहीत.

पुढचे महिने

चालू करण्याआधी सगळं वावर फिरून आत जनावर नाही हे बघितलं. आत कोंडलेलं डुक्कर झटका खाऊन बाहेर जात नाही, आतच बिथरतं. पहिला महिना कुंपण रात्रंदिवस चालू ठेवलं. ऑक्टोबरमध्ये डुकरांनी शिकून घेतलं होतं की तार काही करत नाही. ते पुसायला पहिला स्पर्श नाकाचा हवा, पाठीच्या केसांचा नाही. म्हणून नाल्याच्या बाजूला खालच्या तारेवर अॅल्युमिनियम फॉइलच्या पट्ट्या आणि त्यावर गूळ-शेंगदाण्याचा लगदा. वरच्या तारेवर चितळांसाठी पांढऱ्या फिती.

नोव्हेंबरमध्ये ईशान्य कोपऱ्यात ६.४ केव्ही. हरभऱ्याला डुक्कर लागलं नाही. जानेवारीत एकदा चितळांनी उडी मारली, पश्चिमेकडून, जिथे पांदणीची पातळी उंच असल्याने १४५ सेंटिमीटरची तार जेमतेम मीटरभर उरते. तिथे ३० मीटरच्या टप्प्यात सहावी तार चढली. वानरं मोहाच्या फांदीवरून येतात. फांदी तोडणं हाच त्यावर उपाय आणि ती अजून तोडलेली नाही. २० सेंटिमीटरच्या तारेला एकदा घोरपड गुंडाळलेली, मेलेली सापडली. एवढ्या खाली जिवंत तार ठेवण्याची ही किंमत आहे, आणि सकाळच्या फेरीत ती तारच आधी बघायची ठरली.

मेच्या मध्याला आकडा ३.९ वर आला. अर्थिंगच्या तिन्ही नळ्यांभोवतीच्या भेगा भरून, प्रत्येकी वीस लिटर पाणी घातल्यावर ५.६. तेव्हापासून झोपडीच्या दाराला आतून एक वही टांगली आहे: तारीख, मशीनपाशी किती, ईशान्य कोपऱ्यात किती. ५ च्या खाली गेलं तर त्याच दिवशी धुरा फिरायचा. वहीच्या पुठ्ठ्यावर दोन नंबर मोठ्या अक्षरांत आहेत, विजेसाठी १९१२ आणि वन विभागाचा १९२६. खाली लिहिलंय: कुणी जिवंत तारेला चिकटलं तर आधी डीपी (रोहित्रावरचा पुरवठा) बंद, मग हात.

स्टार्टरपेटीजवळची ती अंथरलेली वायर गुंडाळून ठेवली होती. पुढच्या पावसाळ्यात झोपडीतला दिवा तिच्यावरच लागला.